अमेरिकेत बेघरांना कायमचं घर : पात्र माणसाचा अर्जही परत का येतो

शेल्टरमध्ये जेवण वाढायला जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न नेहमी येतो : अमुक माणूस कित्येक वर्षं पुलाखाली राहतोय, आजारी आहे, मग त्याला सरकारी मदतीचं घर का मिळत नाही? अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे 'हड'च्या निधीतून चालणारं 'पर्मनंट सपोर्टिव्ह हाउसिंग' नेमकं अशाच लोकांसाठी आहे. राहण्याला मुदत नसते, भाडेकराराने घर मिळतं, भाडं उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के, आणि जोडीला केसवर्कर (माणसाची कागदपत्रं आणि सेवा यांचा पाठपुरावा करणारा कर्मचारी) व उपचारांची मदत. उत्पन्न शून्य असलं म्हणून कुणी अपात्र ठरत नाही. पण यातल्या बऱ्याचशा जागा 'क्रॉनिकली होमलेस', म्हणजे दीर्घकाळ बेघर ठरणाऱ्यांसाठी राखीव असतात, आणि ते कागदावर सिद्ध करतानाच माणसं गळतात.

डिसेंबर २०१५ च्या नियमानुसार 'क्रॉनिकली होमलेस' ठरायला अर्जदाराला दीर्घकाळ टिकणारं अपंगत्व हवं. मानसिक आजार आणि व्यसनाधीनताही त्यात येते. शिवाय तो सलग १२ महिने रस्त्यावर, गाडीत किंवा आपत्कालीन शेल्टरमध्ये राहिलेला हवा. नाहीतर गेल्या ३ वर्षांत किमान ४ वेळा बेघर झालेला हवा आणि त्या सगळ्याची बेरीज १२ महिने भरायला हवी. कुटुंबाचा अर्ज असेल तर कुटुंबप्रमुखाने या अटी पुऱ्या करायच्या. मित्राच्या सोफ्यावर काढलेल्या रात्री धरत नाहीत, स्वतःच्या पैशाने मोटेलमध्ये काढलेल्याही नाहीत.

सगळ्यात जास्त गफलत होते ती बेरजेत. समजा, एखादी बाई ११ महिने गाडीत झोपली, मग १० रात्री बहिणीकडे राहिली, मग २ महिने शेल्टरमध्ये. १३ महिने झाले, तरी ती आज पात्र नाही. सलग ७ किंवा जास्त रात्री रस्ता, गाडी किंवा शेल्टर सोडून इतरत्र गेल्या की खंड पडला असं धरतात, आणि तिच्या खात्यावर बेघर होण्याच्या दोनच खेपा आहेत. त्याच ६ रात्री असत्या तर खंड पडलाच नसता. कडाक्याच्या थंडीत बहिणीने घरात घेतलं त्याची ही शिक्षा, आणि मला ती सरळसरळ अन्यायकारक वाटते. तरी तारखा खऱ्याच सांगाव्यात. खोटी तारीख उघडी पडली की पुढचं काहीच कुणी खरं मानत नाही.

दुसरी चूक ९० दिवसांच्या अटीची. रुग्णालय, तुरुंग किंवा व्यसनमुक्ती केंद्रात ९० दिवसांपेक्षा कमी काळ गेला आणि त्याआधी लगेच माणूस रस्त्यावर किंवा शेल्टरमध्ये होता, तर तो काळ बेघरपणातच मोजतात. अनेकांना वाटतं, बाहेर आल्यावर अर्जासाठी ९० दिवस मिळतात. तसं नाही. माणूस आत असतानाच, ९० दिवस भरण्याआधी, तिथल्या समाजसेवकाला गाठा. भरतीची आणि सुट्टीची तारीख असलेला कागद मागून घ्या.

आता पुरावा. १२ पैकी किमान ९ महिन्यांना तिऱ्हाइताचा पुरावा लागतो : शेल्टरच्या संगणकातली नोंद, रस्त्यावर फिरणाऱ्या मदत पथकाची लेखी नोंद किंवा सेवा संस्थेचं पत्र. उरलेल्या ३ महिन्यांना सहसा अर्जदाराची स्वतःची लेखी कबुली चालते. इथे एक सवलत आहे जी फार थोड्यांना माहीत असते. महिन्यातून एकदा जरी बेघरांसाठीच्या एखाद्या संस्थेने माणसाला पाहिल्याची नोंद असेल, तर तो पूर्ण महिना धरतात, मधे खंड पडल्याचा पुरावा नसला म्हणजे झालं. म्हणून जो माणूस आज शेल्टरमध्ये यायला तयार नाही, त्याचीही दर महिन्याला नोंद करायला मदत पथकाला सांगा. नोंदीत तारीख, जागा आणि काय दिसलं ते हवं : '१४ मार्च, सकाळी ७, बसथांब्यामागे, ओल्या तंबूत झोपलेले आढळले.' 'हे गृहस्थ बऱ्याच दिवसांपासून बेघर आहेत' हे वाक्य कितीही खरं असलं तरी निरुपयोगी.

डॉक्टरांच्या पत्राचंही तेच. 'रुग्णाला नैराश्य आहे, कृपया सहकार्य करावे' असं पत्र हमखास परत येतं. आजार दीर्घकाळ किंवा अनिश्चित काळ टिकणारा आहे आणि त्यामुळे स्वतंत्रपणे राहणं खूपच कठीण होतं, हे पत्रात स्पष्ट लागतं. लिहिणाराही निदान व उपचाराचा राज्याचा परवाना असलेला हवा. गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरांना हे सुचण्याची वाट पाहू नका, संस्थेकडचा छापील नमुना सोबत न्या. सोशल सिक्युरिटीकडून (केंद्राच्या सामाजिक सुरक्षा कार्यालयाकडून) अपंगत्वाचा भत्ता मिळत असेल तर त्याचं पत्र पुरतं. काहीच हाताशी नसेल तर कर्मचाऱ्याच्या निरीक्षणावर अर्ज घेता येतो, पण ४५ दिवसांत वरचा पुरावा जोडावाच लागतो.

अर्ज थेट इमारतीत होत नाही. भागातल्या 'कोऑर्डिनेटेड एन्ट्री' केंद्रात, म्हणजे बेघरांच्या घरांसाठीचे अर्ज एकत्र हाताळणाऱ्या केंद्रात, मुलाखत होते. बहुतेक ठिकाणी २११ या मदत क्रमांकावर फोन केला की पत्ता मिळतो. क्रम गरजेनुसार लागतो, आधी येणाऱ्याला आधी असं नाही. त्यामुळे मुलाखतीत 'मी ठीक आहे' म्हणणारा स्वाभिमानी माणूस मागे पडतो. त्याला आधीच समजावा की इथे त्रास जसा आहे तसा सांगायचा. ओळखपत्र, जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड यांची तयारी लगेच सुरू करा. हरवलेलं कार्ड पुन्हा काढायला शुल्क नाही.

आणि नंबर लागल्यावर माणूस सापडला पाहिजे. रस्त्यावर फोन चोरीला जातात, बंद पडतात. अर्जावर दुसरा संपर्क म्हणून शेल्टरचा किंवा केसवर्करचा क्रमांक द्या, आणि फोन बदलला की त्याच दिवशी केंद्राला कळवा.