आखाजीचं गाणं आणि अडलेला शब्द

मावशीला लकवा मारला तेव्हा तिने नुकतीच साठी ओलांडली होती. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत तिला सगळं होतं. कोण आलं, कोण गेलं, चुलीवर काय शिजतंय, कापूस कुठल्या भावाने गेला, सगळं. पण बोलायला तोंड उघडलं की 'ते... ते...' एवढंच बाहेर पडायचं. मग ती कपाळावर डावा हात मारून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

दोन महिन्यांनी आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय तृतीया, आली. समोरच्या निंबाला झोका बांधला होता आणि माहेरी आलेल्या लेकीबाळी झोक्यावरची गाणी म्हणत होत्या. मावशी ओसरीत खाटेवर बसून ऐकत होती. दुसऱ्या कडव्याला तिचे ओठ हलले आणि तिसऱ्याला आवाज फुटला. स्वच्छ अहिराणीत, एकही शब्द न गाळता, ती सगळं गाणं म्हणाली. आम्ही धावत जवळ गेलो. "मावशी, पानी देऊ का?" तिने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते... ते..."

घरात कुणी याला देवीची कृपा म्हणालं, तर कुणाला वाटलं मावशी मुद्दामच बोलत नाही. दुसऱ्या समजुतीचं मला फार वाईट वाटलं. कारण मावशीसारखी माणसं वैद्यकाला पावणेतीनशे वर्षांपासून माहीत आहेत. 1745 मध्ये ओलोफ डालिन या स्वीडिश लेखकाने अशाच एका माणसाची नोंद केली होती. त्याला बोलता येत नव्हतं, पण प्रार्थनागीतं तो शब्दांसकट म्हणत असे. पुढे 1861 मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरने एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. त्या रुग्णाला 'तान' या एका अक्षरसमूहापलीकडे जवळजवळ काहीच बोलता येत नसे, म्हणून दवाखान्यात त्याचं नावच 'तान' पडलं होतं. मराठी कानाला हे नाव ऐकून गवयाची आठवण येते, तो निव्वळ योगायोग. ब्रोकाला त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा दिसली. त्या जागेला आज ब्रोकाचंच नाव आहे.

बहुतेक माणसांत बोलण्याचं मुख्य काम मेंदूची डावी बाजू करते. शरीराची उजवी बाजूही तिच्याच ताब्यात असते. त्यामुळे तिथला रक्तपुरवठा तुटला की उजवा हात आणि वाचा पुष्कळदा एकदमच जातात. गाणं मात्र एका जागी बसलेलं नाही. चाल, स्वरांचा चढउतार आणि ठेका सांभाळायला मेंदूच्या दोन्ही बाजू कामाला लागतात. शिवाय लहानपणापासून शेकडो वेळा म्हटलेल्या गाण्याचे शब्द एकेक करून जुळवावे लागत नाहीत, ते एकसंध साखळीसारखे ओढत येतात. मावशीला 'पानी' हा शब्द शोधून, उचलून तोंडात आणायला जमत नव्हतं. गाण्यातला शब्द तिला शोधावाच लागला नाही.

म्हणून नुसतं गाता येणं म्हणजे बरं होणं नव्हे. गाण्यापासून बोलण्यापर्यंत पूल बांधावा लागतो. 1973 मध्ये बॉस्टनमधल्या संशोधकांनी त्याची एक पद्धत मांडली. तिला स्वरांकित उच्चारोपचार म्हणता येईल. मावशीला शिकवायला ज्या स्पीच थेरपिस्ट ताई यायच्या, त्या समोर बसून तिचा डावा हात आपल्या हातात घ्यायच्या. मग छोटंसं वाक्य दोनच सुरांत, एक उंच आणि एक खालचा, लांबवून म्हणायचं आणि दर अक्षराला तो हात मांडीवर हलकेच टेकवायचा. आधी नुसतं गुणगुणणं, मग दोघींनी मिळून म्हणणं. पुढे ताई मध्येच थांबायच्या आणि मावशीने वाक्य पुरं करायचं. हळूहळू सूर काढून घ्यायचा आणि साधं बोलणं उरू द्यायचं.

पहिले काही दिवस ताईंनी 'मला पाणी द्या' असं वाक्य घेतलं. मावशी नुसती बघत राहायची. शेवटी मामी म्हणाली, "ती जन्मात कधी असं बोलली नाही." वाक्य बदलून 'पानी दे' केलं. तीन अक्षरं, तीन टेकवण्या. चौथ्या दिवशी 'दे' आलं. ज्या बोलीत माणूस लहानाचा मोठा झाला, उपचारही त्याच बोलीत व्हायला हवा. अहिराणी, लेवा गणबोली, भिली बोलणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात प्रमाण मराठीत बोलतं करायचा प्रयत्न होतो, तेव्हा त्यांची अर्धी ताकद तिथेच वाया जाते, असं माझं ठाम मत आहे.

या पद्धतीत नेमकं काम कोण करतं, सूर की ताल, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. 2011 मध्ये जर्मन संशोधकांनी 17 रुग्णांना तेच शब्द कधी गाऊन, तर कधी नुसत्या ठेक्यात म्हणायला लावले. तालाचा आणि शब्दांच्या ओळखीचा वाटा मोठा निघाला. केवळ गाण्याने वेगळा फायदा दिसला नाही. मला यात जात्याची घरघर ऐकू येते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात राबताना त्यांना ओव्या सुचत आणि कागदावर त्या दुसऱ्यांनी उतरवल्या. खुंटा फिरवणारा हात आणि तोंडातली ओळ एकाच ठेक्यात चालायची. हात आणि शब्द यांची ही जोडी आपल्या बायांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे.

तालाचा उपयोग पायांनाही होतो. कंपवातात मेंदूच्या तळाशी असलेली, हालचालींची वेळ सांभाळणारी केंद्रं दुबळी होतात. पाऊल उचलायचं असतं, पण पाय जमिनीला खिळतो. अशा वेळी बाहेरून ठेका मिळाला तर पाय त्याला धरून पडू लागतो. अमेरिकेतल्या मायकेल थॉट यांच्या गटाने 1996 मध्ये रुग्णांना तीन आठवडे रोज तालबद्ध संगीतावर चालवलं, तेव्हा त्यांच्या चालण्याचा वेग सुमारे 25 टक्क्यांनी वाढला. सातपुड्यातल्या होळीचा ढोल ज्याने ऐकलाय त्याला हे पटवून द्यावं लागणार नाही. ढोल घुमला की पाय आधी हलतो आणि आपल्या लक्षात नंतर येतं.

नुसतं ऐकण्याचाही फायदा आहे. हेलसिंकीत लकव्याच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने दोन महिने रोज आपल्या आवडीचं संगीत ऐकलं, दुसऱ्याने ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकली, तिसऱ्याला यातलं काही दिलं नाही. औषधोपचार सगळ्यांचे चालूच होते. तीन महिन्यांनी संगीत ऐकणाऱ्यांची शब्दस्मृती 60 टक्क्यांनी सुधारली होती. बाकी दोन गटांत ती सुधारणा 18 आणि 29 टक्के होती. इथे महत्त्वाचा शब्द आहे 'आवडीचं'. माँट्रियलच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की, ज्या संगीताने आपल्या अंगावर काटा येतो, ते ऐकताना मेंदूत डोपामिन स्रवतं. भूक लागल्यावर जेवताना स्रवणारं रसायनही तेच.

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना आणि धास्ती संगीताने कमी होते, हे 2015 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 73 चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं. अर्थात, वेदनेच्या गोळीसोबत गाणं ऐकायचं, गोळीऐवजी नाही. अमुक राग ऐका आणि रक्तदाब घालवा, तमुक रागाने साखर उतरेल, अशा याद्या फोनवर फिरतात. त्यांना आधार नाही. त्यांच्या भरवशावर कुणी गोळ्या बंद केल्या तर जीव धोक्यात येईल. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर आधी गाडी काढा आणि मोठा दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. गाण्याची पाळी त्यानंतरची.

ती पाळी आली तर गाणी हाताशी असायला हवीत. मावशीची गाणी आम्हाला माहीत होती ती केवळ झोका समोर होता म्हणून. तुमच्या आईला श्रावणात घरी येणाऱ्या कानबाई देवीची कोणती गाणी येतात? बाबा वहीगायनाच्या लोकगीतांत कोणत्या ओळीला टाळी द्यायचे? ती माणसं धडधाकट आहेत तोवरच फोनवर त्यांचा आवाज भरून ठेवा, आणि त्यांच्याच बोलीत.

श्रावणात कानबाई आली. रात्री बाया गात होत्या आणि मावशी भिंतीला टेकून त्यांच्यात बसली होती. मध्यरात्री तिने माझ्याकडे पाहिलं, डाव्या हाताची बोटं मांडीवर तीनदा टेकवली आणि म्हणाली, "पानी दे." मी गडू भरून आणला. तिने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि गडू परत माझ्या हातात दिला. थोडा वेळ ओठ नुसतेच हलले. मग कुणीही न शिकवलेला शब्द आला.

"थंडं."

मी माठाकडे धावलो.