तडा गेल्यानंतरची भिंत

भिंतीवर तिरका तडा दिसला की पोटात गोळा येतो. पण आरसीसी भिंतीतल्या सळया खऱ्या अर्थाने कामाला लागतात त्या तडा गेल्यावरच. काँक्रीट दाब भरपूर सोसतं. ताण मात्र जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. भूकंपात भिंत आडवी ढकलली गेली की तिचा एक कर्ण लांबतो, दुसरा आखडतो. लांबणाऱ्या कर्णाला आडवे तडे पडतात आणि तड्यांच्या मधे काँक्रीटच्या तिरक्या पट्ट्या उरतात. दाब पेलतात त्या पट्ट्या, ताण पेलतात सळया.

या पट्ट्या किती दाब घेतील? टोरंटो विद्यापीठात फ्रँक वेकिओ आणि मायकल कॉलिन्स यांनी त्यासाठी ८९० मिमी बाजूचे, ७० मिमी जाडीचे ३० चौकोनी तुकडे चारही कडांनी पकडून मोडेपर्यंत ताणले, दाबले, तिरके केले. तडकलेलं काँक्रीट त्याच काँक्रीटच्या न तडकलेल्या चाचणी-नमुन्याइतका दाब घेतच नाही, असं दिसलं. एकीकडून दाबलं जात असताना तेच काँक्रीट आडव्या दिशेनेही ओढलं जात असतं, म्हणून ते नरमतं. १९८६ साली त्यांनी मांडलेल्या सूत्रात आकडे घालून पाहा: आडव्या दिशेने मीटरमागे ५ मिमी ताणलं गेलं, की मूळ ताकदीतली सुमारे ६० टक्केच उरते.

अशी भिंत किती भार घेईल हे संगणकावर मोजताना प्रत्येक तडा काढत बसणं अवघड. म्हणून भिंतीचे लहान चौकोन पाडतात, तडे चौकोनभर पसरलेले धरतात आणि भार थोडाथोडा वाढवत दर टप्प्याला ताठरपणा नव्याने मोजतात. मात्र सरासरीत एक गोष्ट लपते. दोन तड्यांच्या मधे काँक्रीट सळईला धरून थोडा ताण उचलतं. ऐन तड्यात ते काहीच उचलत नाही, सगळा भार सळईवर येतो. म्हणून तिथला हिशेब वेगळा तपासावाच लागतो.

तड्याच्या आत पाहिलं तर एका बाजूला खडी पुढे आलेली असते, समोर तिच्याच मापाची खाच. केसाएवढ्या फटीत या दोन बाजू एकमेकींत अडकून घसरण रोखतात. फट रुंदावली की पकड सुटते. उंच इमारतींच्या जास्त ताकदीच्या काँक्रीटमध्ये तर तडा खडीला वळसा न घालता तिलाच फोडून आरपार जातो. कडा गुळगुळीत निघतात आणि ही पकड मुळातच कमी मिळते.