डीएनए अंगुलिमुद्रण (गुन्हे तपासातील)

रक्त, वीर्य, लाळ किंवा मुळासकट उपटलेला केस यांतील डीएनएवरून तो नमुना कोणाचा, हे ठरवण्याची पद्धत. सर्व माणसांचा डीएनए बहुतांशी सारखाच असतो. मात्र त्यात काही ठिकाणी दोन ते सहा रासायनिक अक्षरांचा तुकडा लागोपाठ येतो आणि तो किती वेळा येतो, हे माणसागणिक बदलते. अशा वीसेक जागा तपासल्या, की दोघांचे आकडे योगायोगाने जुळण्याची शक्यता नगण्य होते. एकसारखी जुळी भावंडे हा अपवाद.

इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठातील आनुवंशशास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांना १० सप्टेंबर १९८४ रोजी याच प्रकारचे, पण अधिक लांब तुकड्यांचे भेद क्ष-किरण फिल्मवर पट्ट्यांच्या रूपात प्रथम दिसले. लेस्टरजवळच्या नार्बरो परिसरात १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींवर बलात्कार करून त्यांचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांच्या चाचणीत दोन्ही गुन्ह्यांतील वीर्य एकाच पुरुषाचे निघाले, पण तो पुरुष हा मुलगा नव्हता. खुनाच्या तपासात या तंत्राने पहिल्यांदा सोडवले ते निरपराध्याला, ही गोष्ट या पद्धतीच्या इतिहासात सर्वांत मोलाची आहे.

पोलिसांनी मग परिसरातील सुमारे ५,००० पुरुषांचे नमुने घेतले. एकही जुळला नाही. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क याने आपल्या जागी सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवले होते. त्या सहकाऱ्याने पबमध्ये केलेली बडबड पोलिसांपर्यंत पोहोचली, पिचफोर्क पकडला गेला आणि १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

भारतात लालजी सिंग यांनी हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएवरील संशोधनातून स्वदेशी पद्धत उभारली. राजीव गांधी हत्येच्या तपासात ती वापरली गेली. महाराष्ट्रात असे नमुने मुंबईतील कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतही तपासले जातात.

पूर्वी चाचणीला बराच नमुना लागे. पीसीआर तंत्राने डीएनएच्या असंख्य प्रती काढता येऊ लागल्यावर सूक्ष्म डागही पुरतो. पण त्यामुळेच भेसळीचा धोका वाढला. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील सुमारे चाळीस घटनास्थळी एकाच स्त्रीचा डीएनए सापडत होता. ती गुन्हेगार नव्हे, तर नमुने टिपण्याच्या कापूसकाड्यांच्या कारखान्यातील कामगार निघाली, हे २००९ मध्ये उघड झाले. म्हणून पंचनाम्याच्या वेळची काळजी प्रयोगशाळेतील यंत्राइतकीच निर्णायक ठरते. हातमोजे बदलावे लागतात. रक्ताळलेला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा लागतो. ओलाच प्लॅस्टिकमध्ये बांधला, तर जिवाणू आणि बुरशी डीएनए नष्ट करतात. मोहोरबंद पाकीट कोणाच्या हातून कोणाकडे गेले, याची अखंड नोंद नसेल, तर बचावपक्ष नेमके तिथेच बोट ठेवतो.