बारा लाख युनिट, दर एकवीस दिवसांनी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडे पोराचा घसा धरला की मिठाच्या गुळण्या करायच्या, हळदीचं दूध घ्यायचं आणि पुन्हा शाळा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं, कारण घसा बहुधा विषाणूंनी धरतो. काही वेळा मात्र त्यात 'अ' गटाचे स्ट्रेप्टोकोकस जिवाणू असतात. घसा बरा होतो आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. गुडघा सुजतो, तो उतरेपर्यंत घोटा धरतो. हा रुमॅटिक ताप. या जिवाणूची काही प्रथिनं हृदयातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की जिवाणूविरुद्ध उठलेली प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवरही उलटते. सांधे पूर्ववत होतात, झडपा बऱ्याचदा होत नाहीत. पुढचा प्रत्येक संसर्ग त्यांना आणखी जाड आणि आखूड करू शकतो. किती तरी बायकांना हे कळतं ते पहिल्या गरोदरपणात, दम लागल्यावर.

उपाय जुना आहे: पुढचा संसर्ग होऊच नये म्हणून ठरावीक दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. बेंझाथिन पेनिसिलिन १९५० च्या दशकापासून वापरात आहे आणि घशातला हा जिवाणू आजही पेनिसिलिनला दाद देतो, ही प्रतिजैविकांच्या इतिहासातली दुर्मीळ गोष्ट. युगांडातल्या ५ ते १७ वयाच्या मुलांवरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या मुलांच्या झडपांतला दोष फक्त इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतच, दिसत होता. दर चार आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के.

मग अडतं कुठे? इंजेक्शनात. बारा लाख युनिटचं घट्ट, पांढरं औषध जाड सुईनं कमरेत टोचतात. आपल्याकडे ते साधारण दर एकवीस दिवसांनी, किमान दहा वर्षं किंवा ऐन तारुण्यापर्यंत घ्यावं लागतं. पोर दुसऱ्या दिवशी लंगडतं. जांबोटीकडच्या वाडीतून भर पावसात तालुक्याला यायचं म्हणजे आईचा रोजगार बुडतो. तारीख हुकली म्हणून त्या आईला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं, दोष औषधाच्या घडणीत आहे. अनेकांच्या रक्तातली पेनिसिलिनची पातळी चार आठवडे संपण्याच्या बरीच आधी ठरलेल्या मर्यादेखाली येते, हेही मोजमापांतून दिसलं आहे.

म्हणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी औषध तेच ठेवून जागा बदलली. स्नायूऐवजी पोटाच्या त्वचेखालच्या चरबीत, नेहमीच्या कित्येक पट डोस, पंपानं सावकाश. चरबीतून औषध हळूहळू झिरपतं. निरोगी प्रौढांवरच्या चाचणीत या पद्धतीनं पातळी सुमारे तीन महिने टिकू शकते असं आढळलं. वर्षाला सतरा टोचण्यांऐवजी चार! आपल्या पट्ट्यातल्या मुलांपर्यंत ही पद्धत यावी असं मनापासून वाटतं. वजन कमी आणि चरबीही कमी असलेल्या पोरांत ती कशी चालते, हे मात्र आधी तपासायला हवं.

तोवर आहे तेच इंजेक्शन नीट देता येतं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात मिसळलं तर दुखणं बरंच कमी होतं. सावकाश टोचावं, दर वेळी बाजू बदलावी. ज्यांच्या झडपा फारच खराब आहेत त्यांना इंजेक्शननंतर कधी कधी हृदयच कोलमडण्याचा धोका असतो, अशांना गोळ्या द्यायच्या का हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात. आणि ऊसतोडीला परमुलखात जाणाऱ्या घरानं औषधाचं नाव, डोस आणि पुढची तारीख लिहिलेलं कार्ड सोबत न्यावं, म्हणजे तिथल्या दवाखान्यातही ते वेळेवर मिळू शकेल.