जिलेटिनने घोड्याचे खूर सुधारत नाहीत

घोड्याचा खूर तडकला की ‘चंदीत जिलेटिन मिसळा’ हा सल्ला हमखास मिळतो. त्यात तथ्य नाही. खूर केराटिनचा, म्हणजे केसा-नखांतल्या प्रथिनाचा बनतो, त्याला गंधकयुक्त अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) लागतात. जिलेटिनमध्ये नेमकी तीच फार कमी असतात.

बायोटिन या ब-जीवनसत्त्वाचा उपयोग मात्र होतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलच्या लिपिझानर जातीच्या घोड्यांना रोज २० मिलिग्रॅम बायोटिन दिल्यावर खूर सुधारले, पण फरक दिसायला सुमारे ९ महिने लागले. तडकलेला भाग निर्जीव असतो, तो कोणत्याही खुराकाने सांधत नाही. नवा खूर केस संपतात त्या कडेपासून महिन्याला जेमतेम ६ ते १० मिलिमीटर खाली उतरतो. पुढच्या टोकापर्यंत यायला वर्षभर जातं. म्हणून महिन्याभरात बायोटिन बंद करू नका.

भुसा-कोंड्यावरच्या घोड्याला कॅल्शियम कमी पडतं; थोडा लसूणघास स्वस्तात ते भरून काढतो. आणि कळकळीने सांगते, सेलेनियम हे खनिज असलेली दोन-तीन मिश्रणं एकत्र देऊ नका. ते जास्त झालं की खुराला आडव्या भेगा पडतात, कधी अख्खा खूरच निखळतो. आधी पशुवैद्याला विचारा.