‘पॉश’च्या तिकिटाची गोष्ट

पॉश वस्ती, पॉश फ्लॅट असं आपण सर्रास म्हणतो. या शब्दाची एक कहाणी वर्षानुवर्षं फिरतेय, आणि तिचं एक टोक थेट मुंबई बंदरात आहे. ब्रिटिश काळात इंग्लंडहून मुंबईला येताना बोटीच्या डाव्या बाजूला, म्हणजे पोर्टला, सावली असायची. परतताना उजव्या बाजूला, स्टारबोर्डला. त्या केबिनी श्रीमंतांच्या. म्हणून ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं पी. अँड ओ. कंपनी तिकिटावर छापायची, अशी ही कहाणी.

ऐकायला झकास, पण पुराव्याच्या नावाने शून्य. असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, कंपनीच्या दप्तरातही त्याची नोंद नाही. शिवाय ‘ऐटबाज’ या अर्थाने हा शब्द १९१० च्या दशकात छापील मजकुरात दिसतो, तर बोटीचं स्पष्टीकरण छापून आलं १९३५ मध्ये. बारसं आधी, जन्म नंतर! १९व्या शतकातल्या लंडनच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे किरकोळ नाणं. छानछोकी करणाऱ्यालाही पॉश म्हणत. आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची टूम तेव्हा इंग्रजीत फारशी नव्हतीच. कोशकार आजही मूळ अनिश्चित असंच लिहितात.