ग्रामीण वीज सहकारी संस्था आणि अपारंपरिक ऊर्जा (अमेरिका)

ग्रामीण वीज सहकारी संस्था म्हणजे गिऱ्हाईकच मालक असलेली वीज कंपनी. ज्याच्या घरी कनेक्शन तो मेंबर, एका मेंबरला एकच मत, संचालक निवडणुकीने येतात आणि वर्षाला जे काही उरतं ते मेंबरांच्या खात्यावर जमा होतं. आपल्याला दूध संघ, साखर कारखाना सहकारी असतो हे नवं नाही, पण अमेरिकेत गावाकडची वीजच बऱ्याच ठिकाणी अशी आहे.

१९३५ च्या सुमाराला तिथे दहातल्या जेमतेम एका शेतावर वीज होती कारण खासगी कंपन्यांना मैलामागे दोन-तीन घरांसाठी तारा ओढणं परवडत नव्हतं, मग रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, १९३६ ला कायदा केला, स्वस्त कर्ज दिलं आणि शेतकऱ्यांनी स्वतःच संस्था काढल्या. आज अशा सुमारे ९०० संस्था आहेत, साधारण ४.२ कोटी लोकांना वीज देतात आणि देशाचा निम्म्याहून जास्त भूभाग त्यांच्याकडे आहे.

आता सोलार आणि पवनचक्क्यांचं. ऊन आहे, वारा आहे, जागा तर भरपूर, तरी बरीच वर्षं गाडी हळू चालली, त्याचं मोठं कारण करारात आहे. गावातली संस्था फक्त वाटप करते, वीज बनवणारी मोठी संस्था वेगळी (ती पण सहकारीच, छोट्या संस्थांनी मिळून काढलेली) आणि तिच्याशी कित्येक दशकांचा करार असतो की वीज जवळपास सगळी आमच्याकडूनच घ्यायची. कोलोरॅडोच्या ट्राय-स्टेट या अशाच वीज बनवणाऱ्या मोठ्या संस्थेच्या मेंबर संस्थांना फक्त ५ टक्के वीज स्वतः बनवायची मुभा होती, बाकी पुरवठ्यात कोळसा भरपूर. न्यू मेक्सिकोतली किट कार्सन ही छोटी संस्था २०१६ ला ३.७ कोटी डॉलर भरून या करारातून बाहेर पडली आणि २०२२ पर्यंत चांगलं ऊन असलेल्या दिवशी दिवसाची सगळी मागणी सोलारवर भागवायला लागली. तिच्यामागून आणखी काही निघाल्या, आणि ट्राय-स्टेटनेही २०२० मध्ये कोळशाची केंद्रं बंद करायचा प्लॅन जाहीर केला. माझ्या मते मेंबरांनी मनावर घेतलं की काय होतं ते इथे दिसतं.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मात्र हवाईतल्या काउआई बेटाचं. २००२ मध्ये लोकांनी तिथली खासगी वीज कंपनी २१.५ कोटी डॉलरला विकत घेऊन सहकारी केली, तेव्हा जवळजवळ सगळी वीज जहाजाने आणलेल्या तेलावर, जोडीला उसाच्या मळ्यांच्या काळातली छोटी जलविद्युत केंद्रं. बेट असल्याने शेजारून वीज घ्यायची सोय नाही, दुपारी सोलार जास्त झाला तर ढकलायचा कुठे आणि संध्याकाळी दिवे लागले की आणायची कुठून हा खरा प्रश्न होता. त्यावर उपाय बॅटरी. २०१७ ला १३ मेगावॉट सोलारला ५२ मेगावॉट-तासांची बॅटरी जोडली, २०१९ ला लावाई इथे २८ मेगावॉट सोलार आणि १०० मेगावॉट-तासांची बॅटरी, म्हणजे दुपारचं ऊन रात्री वापरायचं. व्होल्टेज स्थिर राहावं म्हणून जुनं टर्बाइन इंधन न जाळता नुसतं फिरतं ठेवतात, ही युक्ती मला फार आवडते. २०१९ पासून दिवसाचे काही तास बेट पूर्णपणे अपारंपरिक विजेवर चालतं, आणि २०३३ पर्यंत १०० टक्के करायचं ठरवलंय.

पैशाची एक जुनी अडचण होती, सोलार-पवन प्रकल्पांना मिळणारी अमेरिकन केंद्र सरकारची टॅक्स सवलत या संस्थांच्या कामाची नव्हती कारण त्या बहुतेक इन्कम टॅक्स भरतच नाहीत, म्हणून मग खासगी कंपनीने प्रकल्प उभारायचा आणि यांनी वीज विकत घ्यायची. २०२२ च्या कायद्याने ती रक्कम थेट हातात द्यायची सोय केली, शिवाय ग्रामीण संस्थांसाठी ९७० कोटी डॉलर वेगळे ठेवले. २०२५ च्या नव्या कायद्याने सोलार आणि पवनऊर्जेच्या सवलतीची मुदत बरीच आखडली, त्यामुळे कामं लवकर सुरू करायची घाई लागली.

महाराष्ट्राशी याचं थेट नातं आहे. १९६९ च्या सुमाराला अमेरिकन मदतीने भारतात पाच ग्रामीण वीज सोसायट्या निघाल्या, त्यातली एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. २०११ ला तिचं लायसन्स संपलं आणि वाटप महावितरणकडे गेलं, म्हणजे सोलार स्वस्त व्हायच्या जरा आधीच, याची हळहळ वाटते. त्याच पाचांपैकी बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची सोसायटी मात्र त्यानंतरही वीजवाटप करत राहिली.